पाचात तीन

गावात आल्यापासून जो तो एकच विचारतो, कतारात काय पाहिलंस? मी सांगतो, बर्फ. मग माझ्याकडे असं बघतात की बायको गेल्यापासून म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय हे आता नक्की. म्हणून एकदाच लिहून टाकतो. ज्याला वाचायचं त्याने वाचावं, पारावर मला गाठून पुन्हा विचारू नये. मी सातवी नापास. काना-मात्रा चुकल्यास पोटात घालावं, नाही घातलं तरी माझं काही अडत नाही.

माझ्या लेकाची, संतोषची आई गेली आणि आमच्या घरात सांत्वनाची जत्रा भरली. "देवाला आवडली," असं अर्धा गाव म्हणाला. देवाला आवडायला दुसरं कुणी नव्हतं काय? आमच्या आळीतली चार नावं मी स्वतः सुचवली असती. जत्रा उठली आणि मग घर गप्प झालं. भांडायला माणूस नसलं की घराची धर्मशाळा होते. संतोषने तिकडून तिकीट पाठवलं तेव्हा नाही म्हणायलाही कंटाळा आला, म्हणून गेलो.

अबू हमूर

विमानातलं सांगत नाही. बसलो, कान दुखले, उतरलो.

दोह्यात अबू हमूर नावाचा भाग आहे, तिथे संतोष राहतो. सगळी घरं बिस्किटाच्या रंगाची, भिंतीही बिस्किटाच्या, बाहेरची जमीनही बिस्किटाचीच. माणूस पायी चालताना दिसत नाही. दूध संपलं तरी गाडी काढतात. पहिल्या दिवशी मी चालत कोपऱ्यापर्यंत गेलो, तर तीन गाड्या थांबल्या आणि तिघांनी विचारलं, काका, कुठे सोडू? मी म्हटलं, मला सोडाच. हिवाळ्याचे दिवस, हवा छान गार होती, आणि तरी लोक मॉलमध्ये आणखी गार हवा खायला जातात. तिथे एका मॉलच्या पोटात खोटा बर्फ केलाय, त्यात पोरं टोपडी घालून घसरतात. बाहेर उंट, आत बर्फ. पैसा फार झाला की माणूस असं उलटं-सुलटं करतो.

सून पल्लवी नवऱ्याला नावाने हाक मारते. संतोषच्या आईने हे ऐकलं असतं तर जेवण सोडलं असतं. मी सोडलं नाही, कारण पल्लवी सुरमई चांगली तळते. नात आर्या. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत देते. मी म्हणतो, जेवलीस का? ती काहीतरी लांबलचक सांगते. त्यातलं मला नो किंवा येस तेवढं कळतं. आमचं त्यावर छान चाललं होतं. पुढे एकदाच ते अंगाशी आलं, ते येईलच.

दुसऱ्या दिवशी संतोष कामावर गेल्यावर पल्लवीने मला चहा दिला आणि समोर बसली. सून समोर बसली की काम असतं.

काम असं होतं. दोह्याहून विमानात बसलं तर जेवणाची थाळी उचलेपर्यंत जॉर्जिया नावाचा देश येतो. तिथे खऱ्या बर्फाचे डोंगर. हे तिघं आठवडाभर तिथे जाणार होते, माझ्या येण्याआधीच ठरलेलं. त्याला तिची ना नव्हती. तिथे घसरण्यासाठी बर्फ दाबून वाट केलेली असते, दोन्ही बाजूंना दोरी. दोरीच्या आत माणसं राखण करतात, धोका वाटला की वाट बंद करतात. पण संतोषच्या ऑफिसातला निंबाळकर म्हणून एक गडी आहे. त्याला दोरीच्या पलीकडचा, कुणी पाय न लावलेला बर्फ हवा. संतोष आणि ऑफिसातले आणखी दोघे त्याच्या मागे. पलीकडे डोंगराचा बर्फ अख्खाच्या अख्खा सुटतो आणि माणसाला घेऊन खाली येतो.

"म्हणजे दरड," मी म्हटलं.

"दरडच, बाबा. पांढरी," पल्लवी म्हणाली. "माझं ऐकत नाही तो. तुम्ही नाही म्हणा. तुमच्यापुढे नाही बोलणार."

दरड म्हटल्यावर मला वेगळं समजावून सांगायला नको. मी जन्मभर घाटात मैलकुली होतो. सरकारी रस्त्यावरचे खड्डे, गटारं आणि पावसात खाली आलेला डोंगर उचलणं हे आमचं काम. म्हटलं, बोलतो. त्यात काय.

ताटातला डोंगर

रात्री जेवताना संतोषने फोन काढला. त्या डोंगरावर रोज धोक्याचा आकडा जाहीर होतो, आपल्याकडे पावसाचा होतो तसा. एक ते पाच. नवीन बर्फ किती पडला, वारा कुठून, जुना थर कसा, सगळं वाचून शेवटी म्हणाला, "आज तीन."

पल्लवीने माझ्याकडे बघितलं. मी घास गिळून विचारलं, "पाचात तीन?"

"हो, बाबा."

"मग साठ टक्के झाले की. फर्स्ट क्लास. जा ना खुशाल."

मला वाटलं मार्क आहेत. ज्याला आयुष्यात कधी पस्तीस पडले नाहीत त्याला साठ म्हणजे पेढे वाटायचं काम. संतोष टाळी वाजवून म्हणाला, बघ, बाबांनी परवानगी दिली. पल्लवीने आमटीचं भांडं माझ्यापुढून उचलून नेलं. पुन्हा वाढलीच नाही.

मग मला कळलं की ते मार्क धोक्याचे. एक सगळ्यात बरा, पाच सगळ्यात वाईट. मी शब्द मागे घेतला. संतोष म्हणाला, बाबा, शब्द मागे घ्यायला तुम्ही काय आमदार आहात? तरी मी विचारलं, तीनला माणसं मरतात का? पोरगा खोटं बोलत नाही, एवढा गुण त्याने आईकडून घेतलाय. म्हणाला, चार आणि पाचला कुणी पलीकडे जातच नाही, त्यामुळे मरतात ती बहुतेक तीनलाच. कधी दोनलाही.

त्याने कुठूनतरी फोनवर या सगळ्याचं शिक्षण घेतलंय. मला समजावं म्हणून त्याने स्टीलचं ताट घेतलं आणि त्यावर एक खुबूस ठेवली. खुबूस म्हणजे तिकडची मैद्याची रोटी, थंड झाली की चपलेच्या तळासारखी होते. ताट तिरपं केलं. रोटी जागची हलली नाही. मग रोटी उचलून खाली साखर पसरली, वर पुन्हा रोटी. ताट तेवढंच तिरपं केलं आणि रोटी सरकन माझ्या मांडीवर.

मी म्हटलं, डोंगरात साखर कुठून येते? तर म्हणाला, बर्फाचीच होते. थंडीच्या सुरुवातीला पातळ थर पडतो, वर दिवसेंदिवस कडक गारठा, मग तो थर कुजल्यासारखा होऊन दाणेदार साखरेसारखा सुटा होतो. त्यावर नंतरचा जाड बर्फ. वरून बघाल तर गादी. त्या गादीवर एक माणूस चढला, खालची साखर बसली, की अख्खी गादी सुटते.

मी माझं ज्ञान पाजळलं. म्हटलं, वर झाडं असतील, पाणी झिरपत नसेल, तर डोंगर येत नाही. संतोष म्हणाला, बाबा, हा मुरूम नाही. इथे ना पाणी लागतं ना पाऊस. निळं आकाश, लख्ख ऊन, फोटो काढण्यासारखा दिवस, आणि सुटतो.  माझ्या दरडीचं शहाणपण तिथे चालत नव्हतं आणि एवढं सगळं ज्याला कळतं तो जायचं म्हणतोय, हे मला कळत नव्हतं. आर्याने साखर लागलेली खुबूस खाऊन टाकली. डोंगर संपला.

त्या रात्री संतोष माझ्या खोलीत येऊन म्हणाला, बाबा, तुम्ही पल्लवीला समजवा. म्हटलं, मला इथे हवापालटासाठी आणलंय की पंचाईतीसाठी?

सीलाइन

दोह्याच्या दक्षिणेला सीलाइन म्हणून जागा आहे. तिथे वाळूचे डोंगर थेट समुद्रात उतरतात. शुक्रवारी सगळी मंडळी तिथे निघाली. मला वाटलं सहल. सहल होतीच, पण निंबाळकरने तिथे बर्फात गाडलेला माणूस शोधण्याची तालीम ठेवली होती. बर्फ नाही तर वाळू. मी म्हटलं, विहिरीत पोहायला शिकायचं आणि तालीम गव्हाच्या कोठीत? निंबाळकर नुसता हसला. दात फार पांढरे आहेत त्याचे.

आम्हाला घेऊन गेला हुसेनभाई. म्हसळ्याचा माणूस, माझ्याच वयाचा. इंडस्ट्रियल एरियात वेल्डिंगचं वर्कशॉप सांभाळतो. जन्म तिकडेच गेला, तरी बोलणं अजून म्हसळ्याच्या बाजारातलं. तालमीच्या लांब सळ्या त्यानेच तंबूच्या पाइपांच्या करून दिल्या होत्या. वाळू लागल्यावर गाडी थांबवून त्याने चारही चाकांची हवा कमी केली. मी म्हटलं, आमच्याकडे हवा गेली की माणूस रडतो. तर म्हणाला, रामभाऊ, इथं टायर नरम आणि बायको गरम असेल तरच माणूस घरी पोचतो. मग माझ्या घरचं आठवून बिचारा ओशाळला. मी म्हटलं, अरे हस, तीही हसली असती.

वाळूचा डोंगर मी पहिल्यांदा बघितला. एका बाजूने माणूस चढतो, टोकाला धार, आणि दुसऱ्या बाजूने उतार इतका सरळ की पाय ठेवला की वाळूची चादर खाली निघते. निघताना आवाज करते, लांब कुठेतरी विमान चालल्यासारखा. मला आवडलं ते. खोटं कशाला बोलू.

तालीम अशी. प्रत्येकाच्या गळ्यात एक यंत्र, साबणाच्या डबीएवढं. त्याला दोन खटके. एकाने ते हाका मारतं, दुसऱ्याने दुसऱ्यांच्या हाका ऐकतं. डोंगरावर सगळ्यांची यंत्रं हाका मारत असतात. एखादा गाडला गेला की वरचे सगळे आपापली यंत्रं ऐकण्यावर करतात आणि जिकडून हाक येते तिकडे जातात. अंतराचा आकडा दिसतो, तो कमी होत जातो. मग सळीने टोचायचं, फावड्याने उकरायचं. सगळं पाव तासात. त्यानंतर सापडलेल्या माणसाचं बरं सांगता येत नाही.

माणसाच्या जागी आर्याची जुनी शाळेची पिशवी. आत पाच किलो तांदूळ आणि एक यंत्र. संतोषने ती वाळूत कुठेतरी पुरली, वरून हाताने सारखी केली. एक यंत्र जास्तीचं होतं. ते त्याने खटका दाबून माझ्या गळ्यात अडकवलं आणि म्हणाला, राहू द्या, हरवलात तर सापडाल.

हुसेनभाईने कोंबडी शेगडीवर चढवली. घरून सांदण आणलं होतं, गूळ-खोबऱ्याचं, त्याचे दोन तुकडे मी खाल्ले. थंडी आणि वय, दोन्ही मिळून मला वाळूच्या टेकाडामागे जावं लागलं. अलीकडे निंबाळकरने शिटी मारली आणि तालीम सुरू झाली.

मी माझ्या कामात. तेवढ्यात ओरडणं जवळ यायला लागलं. चाळीस. तीस. बावीस. निंबाळकर आकडे म्हणत होता, बाकीचे धावत होते. अकरा. नऊ. आणि टेकाडाच्या धारेवर चार माणसं सळ्या उगारून उभी राहिली.

मी कोणत्या स्थितीत होतो ते लिहिण्याजोगं नाही.

"काका, तुम्ही?" निंबाळकर म्हणाला.

"मग कोण, तुझे तीर्थरूप? तोंड तिकडे करा."

हुसेनभाई हसून हसून वाळूत बसला. म्हणाला, यल्ला, चला, माणूस जिवंत, आणि जमीनही ओली लागली. सगळे हसले. मीही नाडी बांधता बांधता हसलो. पहिल्यांदा हसणं थांबलं ते संतोषचं. त्याने माझ्या गळ्यातलं यंत्र बघितलं आणि पिशवी पुरली होती त्या बाजूला मान वळवली.

चौघांच्या यंत्रांवर एकच हाक येत होती, माझी. पिशवीची नाही.

निंबाळकरने विचारलं, पिशवीतलं हाक मारायच्या खटक्यावर ठेवलं होतंस ना?  संतोषने पुरताना दोन्ही यंत्रं एकदम हातात घेतली होती, त्यात खटके उलटे पडले. माझ्या गळ्यात अडकवलं ते हाका मारत होतं आणि पिशवीतलं ऐकत होतं. पिशवी आमच्याकडे कान लावून बसली आणि आम्ही पिशवीकडे.

मग उकरणं सुरू झालं. पुरणारा स्वतः सांगत होता, इथे. नाही, इथे. वाऱ्याने आणि आमच्या पायांनी खुणा गेलेल्या. सळ्या टोचल्या, खड्डे केले. वाळू अशी की एक फावडं काढावं तर दोन आत येतात. पाव तास कधीच उलटला. निंबाळकर आणि बाकीचे दोघे कंटाळून कोंबडीकडे गेले. तांदूळ कोलम होता का, एवढंच हुसेनभाईने विचारलं. संतोष उकरतच राहिला. गुडघ्यावर बसून, फावडं टाकून, दोन्ही हातांनी.

मी जवळ गेलो. म्हटलं, तांदूळ आहे रे. राहू दे.

"मी पुरलंय, बाबा," तो म्हणाला. "माझ्या हाताने पुरलंय."

त्याच्या केसांत वाळू. लहानपणी ओढ्यात खेळून यायचा तसा. पल्लवी माझी थाळी घेऊन मागे येऊन उभी होती. बोला आता, असं तिने म्हटलं नाही, पण मला ऐकू आलं.

मी काही शिकवलेलं बोललो नाही. म्हणालो, "आईला तू खांदा दिलास. आता माझी पाळी आहे. मला तूच उचलायचंस. त्या निंबाळकरच्या खांद्यावर मी जाणार नाही, मेलो तरी उठून घरी येईन."

तो हसला आणि मग त्याचा चेहरा हसण्याच्या पुढे गेला. मी दुसरीकडे बघितलं. पोराला रडताना बघू नये, त्याला ते वर्षभर आठवतं.

"बघतो, बाबा," एवढंच म्हणाला. हो नाही, नाही नाही. पिशवी आजही तिथेच आहे. कुणी कतारला गेलात तर बघा, तांदूळ चांगला होता.

फोन

संतोष, पल्लवी आणि आर्या जॉर्जियाला गेले, निंबाळकर आणि ऑफिसातले ते दोघेही. माझ्याकडे तिथला व्हिसा नव्हता आणि तिथले गुडघेही नव्हते. मी अबू हमूरलाच. सोबतीला हुसेनभाई येऊन राहिला.

दोन दिवस आकडा दोन होता. पल्लवी फोनवर सांगायची, सगळे दोरीच्या आतच आहेत. तिसऱ्या दिवशी सकाळी संतोषचा फोन आला, चेहऱ्यासकट. मागे डोंगर, स्वच्छ, निळं आकाश. त्याने सांगितलं, रात्रभर वारा होता, आज तीन, निंबाळकर आणि ते दोघे पलीकडे निघालेत.

"आणि तू?" मी विचारलं.

त्याचं तोंड हललं, पण आवाज गेला. मग चित्रही गेलं. पुन्हा लावला, लागेना. पल्लवीचा लागेना.

त्या दिवसात मी काय केलं ते सांगण्यासारखं नाही, कारण काहीच केलं नाही. हुसेनभाईने दोनदा करक आणली. करक म्हणजे आटवलेला गोड चहा, आपल्या लग्नघरातल्यासारखा. दोनदा ती थंड झाली. तो म्हणाला, इन्शाल्ला, सगळं ठीक असेल. मी म्हटलं, त्याच्यावर सोपवू नकोस बाबा, त्याची आवड मी पाहिलीय. हुसेनभाई रागावला नाही. माझ्या शेजारी सरकून बसला. दुपारी आत जाऊन नमाज पढून आला आणि म्हणाला, तुझ्या वतीने भांडून आलो.

संध्याकाळी फोन वाजला. आर्या होती. पोरगी धापा टाकत काहीतरी भराभरा इंग्रजीत सांगत होती. त्यातलं मला कळलं ते असं: डॅडी. स्नो. बॅड. आणि पुन्हा बॅड.

माझ्या हातून फोन खाली पडला. हुसेनभाईने उचलला, कानाला लावला, यस बेटा, यस बेटा करत ऐकला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. इतक्या वर्षांत मी कुठल्या डोंगराकडे तसं बघितलं नसेल.

"तुझा लेक बर्फाचा बाहुला करतोय," तो म्हणाला. "सकाळपासून तेच करतोय. बाहुला फार बॅड झालाय, नाक खाली आलंय, असं पोरगी सांगते."

मी त्या पोरीला मराठीत ज्या शिव्या दिल्या, त्या तिला सगळ्या कळल्या असणार. हसत होती.

आता खरी गोष्ट. निंबाळकर सुखरूप परत आला. बाकीचे दोघेही. डोंगर सुटला नाही, साखर बसली नाही, काही झालं नाही. त्याने पलीकडचे फोटो पेढे वाटल्यासारखे सगळ्यांना वाटले, आणि संतोषला उरलेले दिवस बाहुलीवाला म्हणून हाक मारली. मला आनंद झाला. पण खोटं कशाला बोलू, थोडा तरी सुटायला हवा होता असंही वाटलं. निंबाळकरच्या कमरेइतका. जास्त नको.

संतोष घरी आला तो तोंड पाडूनच. मी निघायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं गच्चीवर बसलो होतो. म्हणाला, "काही झालं नाही, बाबा. गेलो असतो तरी चाललं असतं."

"चाललं असतं," मी म्हटलं.

त्याला वाटलं होतं मी वाद घालीन. मी त्याला सांगितलं की घाटात पाऊस जास्त झाला की मी लाल फडकं घेऊन रस्त्यात उभा राहायचो. गाड्या अडवायचो. दरड आली तर लोक देवाचे आभार मानायचे. पण बहुतेक वेळा ती यायचीच नाही. मग गाड्या सोडल्या की प्रत्येक ड्रायव्हर खिडकीतून तोंड काढून मला शिव्या देऊन जायचा. कुणाचं लग्न चुकलं, कुणाची कोर्टाची तारीख. त्या शिव्यांवर माझा पगार चालायचा. म्हटलं, मी जन्मभर खाल्ल्या, तू एका निंबाळकरच्या खा.

 त्याने विचारलं, "आई पण शिव्या द्यायची?"

"ती तर सगळ्यात जास्त. भाकरी गार व्हायची ना."